मिलजवळचा तर्री-पोह्याचा ठेला : कोणाला किती जुनं आठवते?

गणेशपेठवाला

नागपुरात एम्प्रेस मिलच्या जुन्या भिंतीच्या बाजूनं कॉटन मार्केटकडे निघालं की वळणावर कडुलिंबाखाली तर्री-पोह्याचा (पोह्यांवर चन्याचा तिखट, तेलाचा तवंग असलेला रस्सा) एक ठेला लागतो. नाव विचारू नका, त्याला नाव नाही. पाटीही नाही. कोणी 'मिलवाले पोहे' म्हणते, कोणी 'लिंबाखालचे'. सकाळी उजाडायच्या आत लागतो आणि दहा-साडेदहाला भगोणं उपडं. ज्यांनी खाल्लं आहे त्यांना एवढ्यावरून कळलं असेल. बाकीच्यांनी आपापल्या चौकातला ठेला डोळ्यांसमोर ठेवून वाचलं तरी चालेल.

ठेलेवाल्या काकांचे गुडघे गेल्यापासून ठेला त्यांची मुलगी सांभाळते. परवा सुटे पैसे परत देता देता ताई म्हणाली, "दादा, तुम्ही नेटवर लिहिता ना? आमचा ठेला कधीपासून आहे ते लोकांना विचारून पाहा ना. ठेल्यांचे सर्वेवाले येणार आहेत म्हणतात, आणि आमच्या घरात एक कागद नाही." काकांना विचारलं तर ते म्हणतात, "माझ्या बापानं लावला, मी चड्डीत होतो." काकांचं वय विचारलं तर त्याचाही कागद नाही.

तर आठवणी टाका. जुना फोटो असेल, चिठ्ठी असेल, काहीही. 'लहानपणी खाल्ले, काय चव होती' एवढंच लिहिणार असाल तर तेही लिहा, पण साल टाका बाप्पा.

रात्रपाळी

माझे वडील एम्प्रेसमध्ये रिंग खात्यात (सूतकताईत) होते. रात्रपाळी करून घरी येताना कधी कधी पोहे बांधून आणायचे. आम्ही भावंडं तर्रीच्या वासानंच उठायचो, आईला हाक मारावी लागत नसे.

ठेला पहाटे का लागतो, याचं उत्तर मिलच्या भोंग्यात आहे. रात्रभर सुताच्या कसपटात उभा राहिलेला माणूस बाहेर पडायचा तेव्हा त्याला पोटभर, गरम आणि घशाला जाणवेल असं काहीतरी लागायचं. आणि त्याच वेळी सकाळच्या पाळीचा माणूस आत जायच्या घाईत असायचा, त्याला उभ्या उभ्या संपेल असं पाहिजे. दोघांचं काम एकाच प्लेटमध्ये व्हायचं. मिल २००२ मध्ये बंद पडली, भोंगा गेला, तिथे मॉल आला. पण ठेला अजून पाळी सुटायच्या वेळेलाच लागतो. आता गिऱ्हाईक कॉटन मार्केटचे हमाल, भाजीवाले, ऑटोवाले आणि शुक्रवारी (गांधीसागर) तलावाला चक्कर मारायला आलेले लोक.

साल म्हणाल तर वडील ६८ ला कामाला लागले आणि ते म्हणत, मी लागलो तेव्हा ठेला होताच.

पुरावा_द्या

आठवणी छान आहेत, पण 'तर्री-पोहे मिल कामगारांसाठी जन्माला आले' ही गोष्ट जरा जपून घ्या. महाराष्ट्रात जे जे तिखट आणि स्वस्त आहे ते कोणत्या ना कोणत्या मिलच्या गेटावर जन्मलं असं सांगायची पद्धत आहे. एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी सुरू केली १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून ते नाव. म्हणजे पाळीचा माणूस या वळणावरून सव्वाशे वर्षं गेला. ठेला ६८ चा धरला तरी आधीच्या नव्वद वर्षांत त्या कामगारांनी सकाळी काय खाल्लं? त्याचं उत्तर कोणाकडे आहे?

रात्रपाळी

भाकर आणि ठेचा खाल्ला असेल, घरून आणलेला. बायका घरी होत्या तोवर ठेल्याची गरज काय? जे गावाकडून एकटे आले, खोली करून राहिले, त्यांना ठेला लागला. हे मी पुरावा म्हणून नाही, अंदाज म्हणून सांगतो.

कोष्टीपुऱ्यातला

भाऊ, अंदाज बरोबर हाय. पण एक गोष्ट सुटून राहिली. मिलमंधी सगळेच बाहेरचे नव्हते. विणकर तर इथलाच होता. भोसल्यांच्या काळापासून नागपुरात कोष्टी, हलबा कोष्टी वस्ती करून हायेत. महाल, इतवारी, गोळीबार चौक, पाचपावली, घरोघरी माग होता. मिलचं कापड आलं अन् हातमागाचं पोट मारलं गेलं. मग काय, कोणी मिलमंधी शिरला, कोणी खानावळ टाकली, कोणी ठेला लावला. सावजीच्या खानावळी अशाच निघाल्या. आमच्या आज्याचा माग मी स्वतः माळ्यावर पाहिला हाय, पाय तुटलेला.

लिंबाखालच्या काकांचा बाप बी मागावर बसत होता. हे मले माह्या मामानं सांगितलं, दोघं एकाच गल्लीतले.

पुरावा_द्या

म्हणजे ठेल्याची तर्री ही सावजी तर्री, असं म्हणायचंय का तुम्हाला? हल्ली कोणत्याही लाल रश्श्याला सावजी म्हणतात.

कोष्टीपुऱ्यातला

नाई ना बे. सावजी मसाला काळा असते, खूप भाजलेला, खसखस-खोबरं, जाडसर रस्सा, आधी तर जवसाच्या तेलात होत होता. ठेल्याचा रस्सा पातळ पायजे, पोह्यात मुरला पायजे. पण हात तोच हाय. मसाला किती भाजायचा अन् कुठं थांबायचं, हे ज्याच्या घरात हाय त्यालेच जमते.

महालची_लेक

हात कोणाचा ते मी सांगते. काकांच्या आईचा.

आम्ही त्यांच्या शेजारी राहायचो. ठेल्यावर आजोबा दिसायचे, नंतर काका दिसायचे, म्हणून सगळे 'काकांचा ठेला' म्हणतात. पण तर्री घरी व्हायची. आजी दुपारी चारला चना निवडायला बसायची. गावरान हरभरा, लहान, काळपट. मोठा काबुली तिनं कधी घरात घेतला नाही. रात्री भिजत घालायचा आणि पहाटे दोन-अडीचला चुलीवर चढवायचा. शिजवलेल्या चन्याचं पाणी ती कधी फेकायची नाही, रश्श्यात तेच जायचं. मसाला पाट्यावर. खोबरं आधी, मग धने, मग दगडफूल आणि मोठी वेलची, शेवटी लसूण-आलं. खोबऱ्याचं तेल सुटून वरवंटा आपोआप सरकायला लागला की म्हणायची, "झालं, आता उचल."

तिखट घालताना मात्र कोणालाही जवळ उभं करत नसे. भगोणं खाली उतरवायची, तेल थोडं निवू द्यायची, मग तिखट आणि लगेच मूठभर पाणी. उकळत्या तेलात तिखट टाकलं की जळून काळं पडतं आणि मग दिवसभर कितीही उकळा, रंग येत नाही. मी हे चोरून पाहिलं आहे, खिडकीच्या गजातून.

मिरची भिवापूरची. तेव्हा कोणी तिच्याकडे जीआय (भौगोलिक मानांकन) वगैरे म्हणून बघत नव्हतं. भिवापूरची मिरची म्हणजे घरातलीच, उमरेड रोडवरून पोत्यांनी यायची.

पोहे मात्र आजोबा ठेल्यावरच करायचे. त्यात आजीला रस नव्हता. "पोहे काय, कोणी पण करते," म्हणायची.

धानपट्टा

पोह्याबद्दल असं म्हणू नका आजी!

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला. तर्रीचं सगळे लिहितात, पोहे कुठून आले ते कोणी लिहीत नाही. नागपूर बरोबर शिवेवर आहे. पश्चिमेला वर्धा-अमरावतीकडे काळी माती, कापूस, ज्वारी, रब्बीत हरभरा. पूर्वेला भंडारा, गोंदिया, तिथून पुढे छत्तीसगड, सगळा धानाचा पट्टा. आमच्याकडे पोहे घरी व्हायचे. धान भिजवायचं, गरम रेतीत भाजायचं आणि गरम आहे तोवर कुटायचं. गार झालं की चपटं होत नाही, तुकडे पडतात. पुढे गिरण्या आल्या. छत्तीसगडातलं भाटापारा तर पोह्याच्या गिरण्यांसाठीच ओळखलं जाते आणि ते हावडा लाइनवर आहे, माल सरळ नागपूरला उतरतो.

तर पूर्वेचे पोहे आणि पश्चिमेचा चना नागपूरच्या बाजारात एकत्र आले. पहिल्यांदा एका प्लेटमध्ये कोणी टाकले हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. घरात कालचा चन्याचा रस्सा उरला असेल आणि सकाळी कोरडे पोहे घशाखाली उतरत नसतील तर ते कोणीही करेल. एकाच वेळी शंभर घरांत झालं असेल.

अजून एक. ठेल्याला जाडे पोहेच लागतात. पातळ पोह्यांवर रस्सा टाकला की लगदा.

बिनमिर्ची

पुण्याचा जावई बोलतोय, सांभाळून घ्या. मी पहिल्यांदा या ठेल्यावर गेलो तेव्हा 'सोबत पाव मिळेल का' असं विचारलं. काकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि माझ्या सासऱ्यांना विचारलं, "पाहुणे कुठले?"

खरा प्रश्न विचारतो. वर तरंगणाऱ्या तेलातच सगळं तिखट कसं काय असतं? मी खालचा रस्सा मागितला तर तो खरंच सौम्य लागला.

भगोणं

मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यानं येतो ते कॅप्सेसिन आणि मिरचीचा लाल रंग, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीच. रस्सा उकळत राहिला की दोन्ही तेलात ओढले जातात आणि तेल वर येतं. ठेलेवाल्याला हे शाळेत शिकवावं लागत नाही. पळी आडवी धरून वरचंवर उचलली की तर्री, बुडवून तळातून उचलली की चना. एकच भगोणं, पण पळीच्या कलानुसार दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळे पदार्थ मिळतात. तिखट लागलं तर पाणी पिऊ नका जावईबापू, काही उपयोग नाही. ताक प्या.

माझा स्वतःचा ठेला होता, धरमपेठेत, आता बंद केला. म्हणून पोह्याचं सांगतो. जाडे पोहे चाळायचे, धुवायचे, पाणी निथळून झाकून ठेवायचे. फोडणीत कांदा, हिरवी मिरची, हळद. मग खरी कसरत, ते चार तास गरम आणि मऊ ठेवायचे. खाली पाण्याचं भगोणं उकळत ठेवायचं, वर पोह्याची परात, आणि परातीवर ओला फडका. फडका सुकला की पोहे कडक होतात, फार ओला असला की पाणी सुटतं. नवखा ठेलेवाला ओळखायचा असेल तर तर्री चाखू नका, फडक्याला हात लावून बघा.

प्लेट भरायची ती अशी : पोहे, चना, त्यावर तर्री, मग बारीक चिरलेला कांदा, सांबार (पुण्याच्या मंडळींनो, कोथिंबीर), लिंबू. शेव किंवा चिवडा टाकायचा तर सगळ्यात शेवटी. दह्याचं मी काही बोलत नाही, ज्याचा त्याचा धर्म.

अजनीकर

जुन्या लोकांना आठवत असेल, प्लेटा नंतर आल्या. आधी पळसाच्या पानाचे दोने होते. रस्सा गरम असला की शिवणीतून टिपकायचा, म्हणून दोन दोने एकात एक घालून द्यायचे. मला साल पाहिजे असेल तर देतो : १९६९, ऑक्टोबर. व्हीसीएच्या (विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या) मैदानावर भारत-न्यूझीलंड टेस्ट होती, नागपुरातली पहिली. आम्ही पोरं सायकली घेऊन पहाटेच निघालो आणि आधी या ठेल्यावर खाल्लं. मॅच आपण हरलो. पण साल पक्कं.

पुरावा_द्या

मॅच सिव्हिल लाइन्सला आणि पोहे कॉटन मार्केटला? उलट्या दिशेनं गेलात की.

अजनीकर

अजनीहून निघालं की कॉटन मार्केट वाटेतच पडते. आणि भाऊ, अठरा वर्षांच्या पोराला पोह्यासाठी दिशा नसते.

रीलबंद

मला वेगळंच सांगायचं आहे. हा धागा वाचून कृपया कोणी तिथे कॅमेरा घेऊन जाऊ नका. सदर भागातल्या डॉली चहावाल्याचं काय झालं ते पाहिलं ना. आधी आपण मजेनं चहा प्यायला जायचो, बिल गेट्सचा व्हिडिओ आला फेब्रुवारी २०२४ ला आणि त्यानंतर चहापेक्षा फोन जास्त. डॉलीचं चांगलं झालं, त्याबद्दल वाद नाही. पण लिंबाखाली बाकडं एकच आहे.

बर्डीचा_भाचा

अहो पण लोकांना वाटते गेट्स नागपूरला आला होता. आला नव्हता! डॉलीलाच हैदराबादला नेलं होतं शूटिंगला. आमच्या ऑफिसात यावरून पैज लागली होती, समोसा-तर्री जिंकलो.

ताईंना यूट्यूबवाले येऊन गेले आहेत एकदा. तिनं विचारलं, "खाणार का? नाही? मग बाजूला व्हा, गिऱ्हाईक उभं आहे."

अधिवेशनवाला

डिसेंबरचं कोणी लिहिलं नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन लागलं की या ठेल्यावर अख्खा महाराष्ट्र भेटायचा. मोर्चाला आलेले लोक पहाटे स्टेशनला उतरायचे, गारठ्यात हात चोळत चालत यायचे. नांदेडचे, सोलापूरचे, कोकणातले. आपल्या शहराचा जुन्या मध्य प्रदेशच्या राजधानीचा मान १९५६ ला गेला, बदल्यात वर्षाला एक अधिवेशन मिळालं, त्यातून नागपूरला काय मिळालं याचे वाद चालूच राहतील. पण पोहेवाल्यांना थंडीचे दोन आठवडे मिळाले हे नक्की. मी पाहिलं आहे, काका अधिवेशनाच्या दिवसांत चना दुप्पट भिजवायचे, आणि मोर्चेकरी म्हातारा असला तर पैसे घेताना मान दुसरीकडे करायचे.

कस्तुरचंद पार्कजवळच्या पोह्यांचं नाव आज जास्त आहे, ते आहेतही चांगले. तिथे वकील, पत्रकार, फिरायला येणारे जातात, आणि लिहिणारेही तेच. कॉटन मार्केटच्या हमालानं कोणत्या वर्तमानपत्रात लिहावं?

वकीलभाऊ

आता कामाचं. गणेशपेठवाले, तुम्ही हे सगळं गोळा करत आहात ते फार योग्य वेळी.

पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्यात दर ५ वर्षांतून किमान एकदा सगळ्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करावं, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला हटवू नये, हलवायचंच असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी, असं स्पष्ट आहे. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत करावा लागतो. शिजवलेले पोहे नाशवंत नाहीत तर काय आहेत? पण ठेलेवाल्याला हे माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असतं त्याला सांगायची गरज वाटत नाही.

याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक फार महत्त्वाची ओळ आहे. जिथे पथविक्रेते ५० वर्षांपेक्षा जास्त काळ धंदा करत आले आहेत अशा नैसर्गिक (म्हणजे आपोआप भरत आलेल्या) बाजाराला वारसा बाजार जाहीर करावं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. पन्नास वर्षं सिद्ध कशी करायची हीच अडचण आहे, कारण रस्त्यावरच्या धंद्याचा कागद कोणी ठेवतच नाही.

पुरावा_द्या

ती ओळ बाजाराबद्दल आहे, एका ठेल्याबद्दल नाही. आणि ठेला आधी मिलच्या गेटावर होता, आता वळणावर. जागा बदलली की पन्नास वर्षं कशी मोजणार?

वकीलभाऊ

पहिला मुद्दा मान्य. म्हणून एकट्या ताईनं जाऊन उपयोग नाही. त्या वळणावर पानवाला आहे, चहावाला आहे, फुटाणे-फल्लीवाला आहे, सायकल दुरुस्तीचा आहे, सकाळी भाजीच्या दोन गाड्या लागतात. अख्खी रांग मिळून अर्ज करावा. दुसरा मुद्दा गंभीर आहे. जागेचं नक्की काय, कोणी सांगेल का?

रात्रपाळी

ठेला गेटावर कधीच नव्हता. वॉचमन उभा राहू देत नसे. लोक 'गेटावर खाल्ले' म्हणायचे कारण सगळे गेटावरूनच यायचे. ठेला पहिल्यापासून लिंबाखालीच. लिंब तेव्हा लहान होतं, त्याला ठेल्याची ताडपत्री बांधायचे. दोरीचा वळ अजून खोडावर आहे, जाऊन बघा. झाड वाढलं तसा तो वर गेला नाही, तिथेच आहे, छातीच्या उंचीवर.

बदललं ते एवढंच की सिमेंट रोड झाला, तो वर आला, आणि ठेला खड्ड्यात गेल्यासारखा दिसायला लागला. पावसाळ्यात ताई चाकांखाली विटा घालते.

कोष्टीपुऱ्यातला

अन् एकदा ठेला उचलून नेला होता ना. अतिक्रमणवाल्यांचा ट्रक आला, भगोण्यासकट उचलला. तर्री सगळी ट्रकमंधी सांडली. नेणाऱ्या पोट्ट्यांचे हात लाल झाले, ते डोळ्याले लागले, मंग बोंबलत बसले. काका म्हणे, "मी नाई टाकली हो साहेब, तुमीच उचलली."

महालची_लेक

हे खरं आहे, पण त्या वेळी घरात हसत कोणी नव्हतं. ठेला सोडवायला आजीची बोरमाळ गहाण पडली. ती परत आली की नाही मला माहीत नाही, आजीच्या गळ्यात मात्र मी पुन्हा पाहिली नाही.

लॉकडाउनमध्ये ताईनं पीएम स्वनिधीचं (पथविक्रेत्यांसाठीच्या सरकारी योजनेचं) दहा हजारांचं कर्ज घेतलं होतं. ते फेडलंय तिनं.

वकीलभाऊ

स्वनिधीचे कागद असतील तर ते आधी शोधा. ती योजना जून २०२० ची, २४ मार्च २०२० किंवा त्याआधीपासून धंदा करणाऱ्यांसाठी होती. म्हणजे निदान तेव्हाचा पुरावा झाला. अन्न परवान्याची नोंदणी केली असेल तर तीही. पण हे सगळं अलीकडचं. मला १९७५ च्या आधीचं काहीतरी पाहिजे.

जमाखर्च

मी इथे वाचतो फक्त, लिहीत नाही. पण काल माळ्यावरून आजोबांच्या वह्या काढल्या. ते मिलच्या हिशेब खात्यात कारकून होते आणि घरचा हिशेबही तसाच ठेवायचे, रोजचा रोज, जांभळ्या शाईत. १९७१ च्या वहीत जागोजागी आहे : 'मिलजवळ पोहे, ०.२५'. एके ठिकाणी 'पोहे (उधार), ०.२५' आणि दोन दिवसांनी 'पोहेवाला, मागील, ०.२५'. त्याच पानावर आजीसाठी मोगऱ्याचा गजरा आहे, १० पैसे, तोही कदाचित त्याच रांगेतला. फोटो काढून ठेवले आहेत.

पुरावा_द्या

सुंदर. मनापासून. पण 'मिलजवळ पोहे' म्हणजे हाच ठेला हे कागदावर नाही. समोरचा माणूस हेच विचारेल, म्हणून आधी मी विचारतो. तरी उधारीची नोंद महत्त्वाची आहे. फिरत्या विक्रेत्याकडे कोणी उधार खात नाही. माणूस रोज तिथेच उभा असणार.

गणेशपेठवाला

मंडळी, मी आज सकाळी हा सगळा धागा मोबाइलवर ताईला वाचून दाखवला. ती पोहे देत होती आणि ऐकत होती. बोरमाळेचं आलं तेव्हा म्हणाली, "ते वाचू नका, पुढचं वाचा." आठवणीतला दोन दोन्यांचा भाग ऐकून काका (आज ठेल्यावर येऊन बसले होते) म्हणाले, दोने रामटेककडच्या बायका आणून द्यायच्या, शेकड्यावर.

आता खरी बातमी. हे सगळं बाजूचा पानवाला ऐकत होता. ठेल्यासारखीच त्याचीही तिसरी पिढी. काही न बोलता टपरीच्या खालून बिस्किटाचा एक चौकोनी डबा काढला त्यानं. आत दंडाच्या पावत्या. त्याच्या आजोबांनी एकही फेकली नव्हती, कारण दंड भरला नाही म्हणून पुन्हा पैसे मागतील ही भीती. आणि पोहेवाले आजोबा निरक्षर, म्हणून त्यांच्या पावत्याही ते याच्याच आजोबांकडे ठेवायला द्यायचे.

मी सगळ्यात जुनी हातात घेतली. १९७३. रस्त्यात हातगाडी उभी करून अडथळा केला म्हणून ५ रुपये. खाली जागा हातानं लिहिली आहे : 'एम्प्रेस मिलचे वळण, निंबाचे झाडाखाली'. ठेला कशाचा, तर 'पोहे-चना'.

पुरावा_द्या

😀 दंड. ज्यांनी हटवायला पावती फाडली त्यांनीच पन्नास वर्षांचा दाखला लिहून दिला. माझी काही हरकत नाही.

अजनीकर

म्हणजे माझं ६९ अजून चार वर्षं जुनं. नोंद असू द्या.

कोष्टीपुऱ्यातला

पानवाल्याच्या डब्यात चहावाल्याची, फुटाणेवाल्याची पावती हाय का ते पाहा ना भाऊ. मंग अख्खी रांग होते.

गणेशपेठवाला

आहेत. चहावाल्याच्या दोन, आणि सायकलवाल्याच्या वडिलांची एक, फाटलेली आहे पण तारीख दिसते. उद्या सकाळी सातला सगळे तिथेच बसणार आहेत. वकीलभाऊ, याल का? पोहे ताईकडून.

वकीलभाऊ

येतो. तोवर एकच करा, सगळ्या पावत्यांचे आजच दोन-दोन झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत कोणी कितीही मागितली तरी हातातून सोडू नका. आणि पोह्याचे पैसे मी देईन. पक्षकाराकडून फुकट खात नाही.